शुद्ध कोकणीचा वर्ग

चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. बँकेत असताना मी साहेबांच्या पत्रातली वेलांटीसुद्धा सोडली नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर डोंबिवलीत आमच्या मंडळाने मुलांसाठी रविवारचा कोकणी वर्ग काढला, तेव्हा शिकवायला सगळ्यांनी मलाच पुढे केलं. माझे वडील कारवारचे, आईही तिकडचीच. घरात आम्ही बोलायचो ती तिकडची बोली. पण शिकवायची तर गोव्याच्या पुस्तकांतली, असा माझा हट्ट.

पहिले तीन रविवार ‘मला’ या एका शब्दात गेले. गोव्याकडचे म्हणाले ‘म्हाका’, कारवारकडचे म्हणाले ‘माका’. मालवणकडचेही ‘माका’च म्हणत, पण त्यांचं म्हणणं की आमची मुळात मराठीच, आम्हाला तुमच्यात ओढू नका. कुमट्याकडच्या एका गृहस्थांनी तर कोकणी कानडी लिपीत लिहून आणली. तिकडे शाळाच कानडी, ते तरी काय करणार? पण मी कागद वाचता येत नाही म्हणून परत दिला. पोरं मागच्या बाकांवर मोबाइल खेळत बसली होती. चौथ्या रविवारी पोरं यायची बंद झाली, आणि भांडणारेही.

उरली एकच विद्यार्थिनी. तिशी ओलांडलेली, माहेर साताऱ्याकडचं, राहायला जवळच, दिवा स्टेशनला. तिला कोकणी हवी होती ती सासूसाठी. सासू कुमट्याच्याही पुढच्या गावची. लग्न होऊन इकडे आली आणि चाळीस वर्षं मराठीत संसार केला, सुनेला मराठीतच बोल बोल बोलली. मग झटका आला. उजवं अंग गेलं, नजर इतकी अधू झाली की माणसं आवाजावरून ओळखायची, आणि मराठी गेली. राहिली ती फक्त माहेरची कोकणी. मुलाला ऐकून चार शब्द कळत, पण तो सकाळी बाहेर पडे तो संध्याकाळी उशिराच परते. दिवसभर घरात या दोघी. म्हातारी ओरडे, ही मराठीत ओरडे, कप फुटत, आणि शेवटी हातवारे करून काम भागे.

तिने वहीत यादीच करून आणली होती. पाणी हवं का, कुठे दुखतंय, बाथरूमला जायचंय का. मी ती सगळी वाक्यं पुस्तकी कोकणीत, अगदी अदबीने लिहून दिली आणि तिच्याकडून घोकून घेतली. नाकातले उच्चार जमेपर्यंत सोडलं नाही. बाई जिद्दीची, कौतुकच करायला हवं. महिन्याभरात इतकं स्वच्छ बोलायला लागली की आमच्या मंडळात कुणाला जमलं नसतं.

गुणही लगेच आला. सासूबाई शांत झाल्यात, ती सांगायला लागली. ओरडत नाहीत, हसतात, मी काही विचारलं की एका हाताने नमस्कार करतात. मी ही गोष्ट मंडळाच्या बैठकीत दोनदा ऐकवली. प्रमाण भाषा कशाला हवी असं विचारत होतात ना, बघा म्हटलं.

मग दोन रविवार ती आलीच नाही. फोन केला तर सासूला ताप, लघवीचं इन्फेक्शन. डॉक्टरांनी हिलाच झापलं होतं, की पेशंट दिवसभर दाबून ठेवतो आणि तुमचं लक्ष कुठे असतं? ती रडकुंडीला आली होती. दर तासाला विचारते हो सर, तुम्ही शिकवलंत तसंच, पण त्या नको म्हणतात. संध्याकाळी हे आले की मात्र घाईघाईने त्यांना खुणावतात.

मी दिव्याला गेलो. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, दारातल्या पिंपाला वळसा घालून आत जावं लागलं. म्हातारी पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिला बघून माझ्या तोंडून पुस्तकी कोकणी येईचना, माझी आई बोलायची तीच आली. म्हातारीचा चेहरा उजळला. तिने गाव विचारलं, आईचं माहेर विचारलं. तेवढ्यात सुनेने पायथ्याशी उभं राहून विचारलं, बाथरूमला जायचंय का. वाक्यात एक चूक नव्हती. म्हातारीने पदर सारखा केला, मान हलवून नको म्हटलं, आणि मला सांगितलं की यांना आधी सरबत द्या.

मग मला जवळ बोलावून हळू आवाजात, आपल्या कोकणीत म्हणाली, “ही गोव्याची पाहुणी फार सज्जन आहे हो. आमच्याकडे लग्नकार्याला यायची ना ती मंडळी, त्यांच्यासारखं बोलते. रोज येऊन विचारपूस करते. पण परक्या बाईला असलं काम कसं सांगायचं? माझ्या सुनेला बोलवा. कुठे गेली ती? ओरडते, पण सगळं करते.”

मला लाज वाटली. दुसरं काही नाही, नुसती लाज.

“काय म्हणाल्या?” सुनेने विचारलं.

“त्यांना सून हवीय,” मी म्हणालो. “मी शिकवलेलं विसरा. मराठीत ओरडा, आधी ओरडायचात तशा.”

ती पायथ्याकडून पुढे आली. मग म्हणाली, “अहो आई, किती वेळ धरून बसणार आहात? उठा की आता!” आणि म्हणता म्हणता तिला रडूच फुटलं. म्हातारीने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. इतके दिवस कुठे मेली होतीस, असं तिला चांगलंच सुनावलं, आणि आपला धड हात तिच्यापुढे केला.