करवंदीचा काटा

आमच्या कुत्र्याला नाव नाही. पाच वर्षांपूर्वी आईने त्याला रस्त्यावरून उचलून आणलं तेव्हा मी दोन-चार नावं सुचवली होती. नाव ठेवलं की जीव लागतो, असं म्हणून तिने ती सगळी उडवून लावली. मग त्याला चमच्याने दूध पाजलं, थंडीत आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून निजवलं, आणि माझ्या ताटातलं बांगड्याचं डोकं उचलून त्याच्यापुढे टाकायला सुरुवात केली. नाव मात्र ठेवलं नाही. ती "ए" म्हणते आणि तो येतो.

आई बहात्तरची, मी चव्वेचाळीसची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. रत्नागिरीपासून रिक्षाने पाऊण तासावर आमची वाडी. घरामागे विहीर, विहिरीमागे गडगा, म्हणजे नुसते चिरे एकावर एक रचून केलेला बांध, आणि त्याच्या पलीकडे कातळावरचं गवत. दरवर्षी पाऊस सरला की शाळेत मी सर्पदंशाचा तास घेते. तक्ता मी स्वतः काढलेला आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चावलं तर बांधायचं नाही, कापायचं नाही, हळद-चुना लावायचा नाही, चालवायचं नाही, तडक दवाखाना. पोरं तोंडपाठ म्हणतात. त्याच तासाला मी आणखी एक गोष्ट बजावते, की करवंदीच्या जाळीत अनवाणी शिरू नका. माझ्या डाव्या घोट्यावर चिंचोक्याएवढा खळगा आहे, तो पुराव्यादाखल दाखवते. चार वर्षांची असताना काटा इतका खोल गेला होता की मला तीन दिवस सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. अजूनही करवंदं दुसऱ्या कुणी काढून दिली तरच मी खाते.

एवढी शहाणी बाई त्या रविवारी सकाळी घरातच होती, हे आधी सांगून ठेवते.

ऑक्टोबरचा महिना. शाळेची कसलीशी माहिती दुपारपर्यंत ऑनलाइन भरायची होती आणि आमच्याकडे रेंज पडवीच्या एकाच कोपऱ्यात येते, म्हणून मी तिथे स्टूल टाकून बसले होते. साडेआठच्या सुमाराला घरामागून कुत्रा एकदाच ओरडला. मी बसल्या जागेवरून विचारलं, "आये, काय झालं गो?"

"काय नाय. काटा लागला त्याला," मागून आईचा आवाज आला.

मी पुन्हा माहिती भरायला लागले.

थोड्या वेळाने आई त्याला उचलून पडवीत घेऊन आली. गुडघे दुखतात म्हणून पाण्याचा तांब्या माझ्याकडून मागवणारी ही बाई, अठरा-वीस किलोचं कुत्रं कवेत घेऊन पायऱ्या चढली. भिंतीला टेकून बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओलं फडकं त्याच्या तोंडावर धरलं. नाकाची एक बाजू सुजली होती. मी म्हटलं, गांधीलमाशी चावली असेल. आई म्हणाली, "आसल." म्हणजे काटा तर काटा, माशी तर माशी. ही बाई आयुष्यात माझ्या एका वाक्याला हो म्हणालेली नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

शेजारची काकी आली. काकी चूळ भरतानासुद्धा बोलते. ती आईशेजारी बसली, कुत्र्याकडे बघितलं आणि गप्प राहिली. हेही माझ्या लक्षात आलं नाही. घरामागून जळक्या गवताचा वास येत होता, तोही मी नाकाआड केला. सही अपलोड होत नव्हती.

दीड तास असा गेला. दीड तास! दहा वाजता चहा ठेवायला उठले, तेव्हा पडवीच्या कडेला ठेवलेल्या त्याच्या वाडग्यात पाणी दिसलं. पाणी गुलाबी होतं.

मी खाली बसले आणि त्याचा ओठ बोटाने वर केला. एकेका दाताच्या मुळाशी लाल रेघ होती, आणि पुसली तरी पुन्हा भरत होती. फडकं बाजूला केलं. नाकावर दोन ठिपके, आणि त्यांतून पातळ रक्त अजून झिरपतच होतं. माझ्या तक्त्यावर फुरशाच्या चित्राखाली मीच लाल पेनाने लिहिलं आहे, रक्त गोठत नाही.

"आये, ह्याला काय चावलंय?"

"काटा लागला सांगितला ना तुला."

"काट्याने दातांतून रक्त येतं?"

काकीने मला कोपराने धरून उठवलं आणि घरामागे, विहिरीच्याही पलीकडे नेलं. गडग्याजवळ राखेचा काळा डाग होता. एकदा घराकडे वळून बघत, अगदी कानाला लागून ती म्हणाली, "फुरसा होता. तुझ्या आवशीने कोयत्याने मारलान. आम्ही जाळला."

"मग सकाळीच सांगितलं का नाही?"

"तो बसला होता ना तिथंच."

मला आधी कळेनाच. "कोण?"

"तो," काकी म्हणाली, आणि पडवीकडे मान केली.

मग उलगडा झाला. आमच्याकडे रीत आहे. ज्याला चावलं, त्याच्यासमोर जनावराचं, म्हणजे सापाचं, नाव काढायचं नाही. नाव ऐकलं की माणूस घाबरतो, घाबरला की विष चढतं. म्हणून त्याला सांगायचं, काटा लागला, उंदीर चावला, काहीही. आणि दोन म्हाताऱ्या बायका दीड तास ही रीत एका कुत्र्यासाठी पाळत होत्या.

मी तणतणत पडवीत आले. "कुत्र्याला मराठी कळतं का गो?"

"तुझ्यापेक्षा बरा कळता," आई म्हणाली. "आणि वायच हळू बोल."

रविवार, गुरांचा सरकारी दवाखाना बंद. शहरात जनावरांची एक डॉक्टरीण आहे, तिचा नंबर शाळेतल्या बाईंकडून मिळवला. ती देशावरची, बोलणं एक घाव दोन तुकडे. फुरसं म्हटल्याबरोबर तिने विचारलं, किती वेळ झाला? दीड तास म्हणताना मला लाज वाटली. ती म्हणाली, "लगेच निघा. उचलून आणा, एक पाऊलही चालू देऊ नका. काही पाजू नका, काही बांधू नका. दुखतंय त्याला, चावेल, तोंडाशी हात नेऊ नका." मी तर नुकतीच त्याच्या तोंडात बोटं घालून आले होते.

वाडीतला रिक्षावाला अर्धवट दाढी केलेल्या अवस्थेत आला. सीटवर गोणपाट पसरताना त्याने विचारलं, "काय झाला?"

"काटा लागला," आई म्हणाली.

"काट्याने एवढा रगत?"

आईने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने कुत्र्याकडे बघितलं, सुजलेल्या नाकाकडे बघितलं, आणि आवाज एकदम खाली आणला. "हां, काटाच. करवंदीचा आसल." रिक्षा मात्र त्याने अशी हाणली की माझा जीव मुठीत. म्हणजे अख्ख्या वाडीला कळत होतं, एक मी सोडून. आणि वाडीत सर्पदंशाचा तक्ता असलेली मी एकटीच.

वाटेत मी आईला बोलत होते. बोलत कसली, फाडून खात होते. रीत पाळायची तर पाळायची, पण मला तरी कानात सांगता येत नव्हतं? नाव न काढता फोन करता येत नव्हता? दीड तास नुसतं मांडीवर घेऊन बसायचं? आई रिक्षाबाहेर बघत होती. एक हात कुत्र्याच्या पोटावर, ते वर-खाली होतंय ना हे चाचपत.

हातखंबा फाट्याच्या अलीकडे ती म्हणाली, "कुत्र्यासाठी औषध हाय, हे मला काय म्हाईत?"

तिला वाटलं होतं की इंजेक्शन माणसांचं असतं. कुत्र्याला फुरसं चावलं म्हणजे ते मरणार, संध्याकाळपर्यंत किंवा फार तर उद्यापर्यंत. वाचवायचं तिच्या हातात नव्हतं. त्याने घाबरू नये, एवढंच हातात होतं, आणि ते ती दीड तास करत होती. मला तिचा इतका राग आला आणि इतकं रडू आलं की मी रिक्षावाल्याला उगाचच म्हटलं, खड्डे बघून चालवा.

डॉक्टरीण दारातच उभी होती. कुत्र्याला टेबलावर घेत तिने विचारलं, "फुरसंच होतं ना? कुणी बघितलं?"

आईने कुत्र्याकडे बघितलं.

"आजी, तुम्ही बघितलंत का?"

आईने डॉक्टरणीचा हात धरला आणि तिला बाहेर पायरीवर नेलं. काचेतून मला दिसत होतं, आई हाताच्या पंजाने लांबी दाखवते आहे, पाठीवरची नक्षी बोटाने हवेत काढते आहे. डॉक्टरीण आत आली तेव्हा हसत नव्हती. मला वाटलं होतं हसेल. ती फक्त म्हणाली, "बरं सांगितलंत. आणि चालू दिलं नाहीत, हे सगळ्यात चांगलं केलंत."

आईने माझ्याकडे जे बघितलं ते मला जन्मभर पुरेल.

मग डॉक्टरणीने कुत्र्याच्या पायातून थोडं रक्त काढून काचेच्या नळीत घातलं आणि नळी स्टँडवर उभी केली. वीस मिनिटं हात लावायचा नाही. गोठलं तर ठीक, नाही गोठलं तर विष भिनलं आहे. त्या वीस मिनिटांत मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक चार वेळा वाचलं. वेळ भरल्यावर तिने नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहत टोकाला गेलं.

सलाईन लागलं, त्यातून इंजेक्शन थेंबाथेंबाने सुरू झालं. रिअॅक्शन येऊ शकते, लक्ष ठेवा, असं म्हणून ती स्वतःच समोर स्टुलावर बसली. किती टक्के आशा, असं मी शिक्षकी पद्धतीने विचारलं. ती म्हणाली, टक्के मी सांगत नाही, संध्याकाळी पुन्हा नळी बघू. मला तिचाही राग आला. त्या दिवशी मला राग यायला कुणीही चालत होतं.

दुपार तिथेच गेली. आई टेबलाला लागून उभी. बसा म्हटलं तरी बसेना, कारण बसली तर तिचं तोंड त्याला दिसलं नसतं. एकदा त्याने लघवी केली, ती लालसर होती. आईने पदराने टेबल पुसायला घेतलं, तेव्हा डॉक्टरणीने तिच्या हातात कापूस दिला आणि म्हणाली, "आजी, तुम्ही घाबरला नाहीत."

"पयल्यांदा थोडाच हाय," आई म्हणाली. तिने कुत्र्याकडे बघितलं. तो झोपला होता. मग माझ्याकडे हनुवटी करून म्हणाली, "हिला चावला होता. चार वर्सांची होती. हिचा बाप मुंबयला कामाला. मी हिला उचलून सडकेपर्यंत चालत आलंय, मग जीप गावली."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलते आहे. "कोणाला चावलं गो?"

"तुला."

"मला काटा लागला होता. करवंदीचा."

मी वाकून सलवार वर केली आणि घोट्याकडे बघितलं. डॉक्टरीणही स्टुलावरून वाकली, चष्मा वर करून तिने तो खळगा बघितला आणि म्हणाली, "काट्याने असं मांस झडत नाही, मॅडम."

चाळीस वर्षं. चाळीस वर्षं मी करवंदीला भिऊन राहिले. किती वर्गांना तो पाय दाखवला असेल! फुरशाचं चित्र भिंतीवर, फुरशाची खूण पायावर, आणि मी पोरांना सांगतेय, जाळीत शिरू नका.

"मला सांगितलं का नाहीस? मी मोठी झाल्यावर तरी?"

"इसरूनच गेलंय," आई म्हणाली. मग जरा विचार करून, "आणि उगाच कशाला. आता सांगितला. आता नाय चढत."

सहा वाजता डॉक्टरणीने पुन्हा रक्त काढलं, पुन्हा नळी उभी केली. या वेळी मी वेळापत्रक वाचलं नाही. आईच्या शेजारी जाऊन उभी राहिले. चार वर्षांच्या पोरीला उचलून सडकेपर्यंत येणं म्हणजे दीड कोस, चढणीचा. तेवढा वेळ ती मला काय सांगत असेल, ते मला पाठ होतं. काटा लागलाय गो, काढतील, काय नाय.

नळी आडवी केली. रक्त हललं नाही.

अजून दोन दिवस इंजेक्शनं, रोज यायचं, लघवीचा रंग बघायचा, असं सगळं डॉक्टरणीने मला लिहून दिलं आणि आईला तोंडी सांगितलं. रिक्षावाला दिवसभर कोपऱ्यावर थांबला होता, दाढी अजून अर्धीच.

वाडीत पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि पडवीतला दिवा कुणीतरी लावला होता. काकी आणि दोघी-तिघी बाया आमच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. कुत्रा माझ्या कवेत होता, नाक सुजलेलं, एका पायाला पट्टी. डोळे उघडे ठेवून तो सगळ्यांकडे बघत होता. त्यातल्या एकीला काही ठाऊक नव्हतं. ती पुढे येऊन म्हणाली, "जल्लं, काय झाला गो ह्याला?"

आईने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "काटा लागला. करवंदीचा."