आई चादरी का ओढत होती

"व्हॅस्क्युलर डिमेन्शिया," न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, आणि कागदावर मेंदूचं चित्र काढून त्यांनी समजावलं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या जागोजागी बंद होतात आणि आठवण, भान पायरीपायरीनं उतरत जातं. काही महिने सगळं तसंच राहतं, मग एकदम एक पायरी खाली. "परत वर चढणं नाही," ते म्हणाले. शेजारी बसलेली आई त्यांच्या खिडकीचा पडदा बोटांत चोळून बघत होती. "पॉलिस्टर," म्हणाली, नाक मुरडून.

आम्ही म्हैसूरचे, अग्रहार भागातले. चार पिढ्या कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांच्या. मराठीत इतकं कन्नड मिसळतो की पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत. मी एकटी राहते, दुसऱ्या मजल्यावर, आणि शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. दोन वर्षं आईला घरीच सांभाळलं. मग ती दोनदा गॅस चालू ठेवून बाहेर पडली आणि मी हरले. गावाबाहेरच्या एका केअर होममध्ये तिला ठेवलं. नातलगांनी काय काय ऐकवलं ते सांगत बसत नाही.

तीन महिने बरे गेले. मग एका रविवारी अकरा वाजता गेले, तर आई गाढ झोपलेली. तोंड उघडं, आणि सकाळची इडली जिभेवर तशीच. मी आधी बोटानं ती काढली.

आईचं बघणारी मंजुला, सरगूरकडची बाई, खाली बघत पुटपुटली, "अम्मा तुंबा गलाटे, अक्का." फार दंगा करते म्हणे. नर्स म्हणाली, एक छोटी गोळी सुरू केलीय, शांत राहतात.

शांत? माझी आई आयुष्यात कधी शांत राहिलेली नाही!

मी औषधांचा चार्ट मागितला. तुम्हीही मागा, तुमचा हक्क आहे तो. त्यात लिहिलं होतं, सिडेटिव्ह, दिवसातून दोनदा. सिडेटिव्ह म्हणजे गुंगीचं औषध. मला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. रोजच्या नोंदवहीत होतं, "दुसऱ्यांच्या पलंगावरच्या चादरी ओढते. बाथरूममध्ये भिजवते. अडवलं तर मारते." ओल्या फरशीवरून एक आजोबा घसरले होते, नशिबानं हाड मोडलं नाही. दोन दिवसांनी मॅनेजरबाईंचं पत्र आलं की औषध चालू ठेवू द्या, नाहीतर महिनाअखेरीस आईंना घेऊन जा.

घेऊन कुठं जाऊ? आणि तिथं ठेवलं तर आई अशी झोपेतच संपणार.

मी चार्टचा फोटो घेऊन न्यूरॉलॉजिस्टांकडे गेले. त्यांनी नवा शब्द सांगितला, ॲस्पिरेशन. गुंगीत घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि न्यूमोनिया होतो. "गोळी एकदम बंद करायची नाही, पंधरा दिवसांत हळूहळू उतरवू," ते म्हणाले आणि तसं पत्र लिहून दिलं. वर हेही म्हणाले, "पण जागी झाल्यावर त्या परत चादरीच ओढणार. त्याचं काय करायचं ते तुम्ही शोधा."

मी पत्र घेऊन केअर होममध्ये गेले, ते भांडायच्या तयारीनंच. आवाज चढला माझा, खोटं कशाला सांगू. मॅनेजरबाईंनी ऐकून घेतलं. मग कपाटातून आईच्या प्रवेशाचा फॉर्म काढला आणि वाचला. "व्यवसाय, गृहिणी. सवयी, विशेष काही नाही. सही तुमचीच ना? आम्हाला कळावं कसं?"

सही माझीच होती.

आमच्या घरात रंगारी म्हणजे पुरुष. आजोबा रंगारी, अप्पा रंगारी. आणि आई? परसात रंगातून ओली लुगडी उचलायची, खळबळायची, पिळायची, वाळत घालायची. चाळीस वर्षं. पण तिला काय करतेस विचारलं की म्हणायची, "घरीच असते, सुम्ने." नुसतीच. आम्ही सगळ्यांनी तेच खरं धरलं. फॉर्म भरताना मीही. लाज वाटली हो मला, अगदी मनापासून लाज वाटली.

मी बसले आणि सगळं सांगितलं. आई दंगा करत नव्हती, कामावर येत होती. लोळणारी चादर दिसली की तिच्या हाताला ती भिजवायचा माल वाटत होती.

मग भांडण संपलं आणि बोलणं सुरू झालं. ठरलं ते आम्ही दोघींनी लिहून सह्या केल्या. रोज नाश्त्यानंतर मागच्या अंगणात, नळापाशी अर्धा तास आईचं काम. चादरी मी आणणार, पाणी बाहेरच सांडणार, मंजुला सोबत राहणार. गुंगीचं औषध डॉक्टरांच्या पत्राप्रमाणे उतरवायचं आणि पुढं मला फोन केल्याशिवाय द्यायचं नाही. मॅनेजरबाई म्हणाल्या, "एक महिना बघू. नाही जमलं तर तुम्ही घेऊन जायचं." मी हो म्हटलं.

पहिला आठवडा नुसता झोपेचा. आठव्या दिवशी तिनं स्वतःहून पाणी मागितलं. दहाव्या दिवशी बादलीपाशी नेलं, तर भिंतीकडे बघत बसून राहिली. मॅनेजरबाई दारातून बघत होत्या. मी देवाचं नाव घेतलं.

तेराव्या दिवशी मंजुलानं कंटाळून एकटीनंच चादर पिळायला घेतली आणि आई उठली. "अगं, पिळतेस का गोंजारतेस!" दुसरं टोक हिसकावलं, पीळ घातला, पाण्याची धार लागली. मंजुलाला मराठी येत नाही, पण ओरडा बरोबर कळला. ती पोट धरून हसत होती आणि मी नळापाशी उभी राहून रडत होते.

महिना होऊन गेला, मग कितीतरी महिने गेले. आई तिथंच आहे. चादरी ओढत नाही. फॉर्ममध्ये आता लिहिलंय, रंगारी. तुमच्या माणसाला कुठं ठेवायची वेळ आली, तर तो फॉर्म घाईत भरू नका. आणि तिथल्या लोकांना लगेच शत्रू समजू नका. मंजुलाचे आणि हो, मॅनेजरबाईंचेही माझ्यावर उपकार आहेत.

आई आणखी एक पायरी उतरलीय. मला ओळखत नाही. गेल्या रविवारी मंजुला रजेवर होती म्हणून मीच दुसरं टोक धरलं. आई बराच वेळ माझ्या मनगटांकडे बघत राहिली.

"हात चांगला आहे गं तुझा. कुणी शिकवलं?"

"आईनं," मी म्हटलं.

"रंगारीण दिसते," आई म्हणाली. "घट्ट धर."