देव्हाऱ्याखालचा सर्व्हर

अरुणला शेवटचा निरोप देऊन आंबिवलीहून कोलशेतला परतलो आणि काहीच सुचेना म्हणून लॅपटॉप उघडला. कोपऱ्यात पाटी आली : ‘बॅकअप झाला नाही. सर्व्हर सापडत नाही.’ हात सवयीने फोनकडे गेला. अशी पाटी आली की अरुणला फोन करायचा, हे इतकी वर्षं ठरलेलं होतं...

आंबिवलीजवळच्या मोहने गावातल्या जुन्या कारखान्यात तो यंत्रांची देखभाल करायचा. घरी त्याने जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला होता आणि तो देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवला होता, कारण इन्व्हर्टरचा बोर्ड तेवढ्याच भिंतीवर होता. “देवाला पहाऱ्यावर बसवलंय,” म्हणायचा. माझ्या लॅपटॉपमधलं सगळं लिखाण रोज संध्याकाळी इंटरनेटवरून तिथे जाऊन साठायचं. त्याचा मात्र तेवढ्याने विश्वास बसायचा नाही. मी त्याच्याकडे गेलो की माझी एखादी फाइल तो खुशाल उडवायचा आणि म्हणायचा, “आण परत.” मी चिडायचो. “अरे मास्तर, परत आणता आलं तर तो बॅकअप. नाहीतर नुसती मनाची समजूत.” एकदा तर त्याने सर्व्हरच बंद केला. “समज, हा मेला. आता काय करशील?” स्क्रू ड्रायव्हर हातात देऊन त्याने मला आतली डिस्क काढायला लावली आणि लॅपटॉपला जोडून ती वाचायला शिकवलं. वहिनी चहा घेऊन आल्या नि म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांना तुमच्या कॉलेजात परीक्षक म्हणून न्या हो. एक पोरगं पास व्हायचं नाही.”

माझा कुठलाही लेख छापायला जाण्याआधी अरुण तो मोठ्याने वाचून दाखवायचा. वाक्य कुठे अडखळतं ते मला ऐकून कळायचं. ते वाचन मी लॅपटॉपवर रेकॉर्ड करून घरी आणायचो आणि दुरुस्त्या झाल्या की पुसून टाकायचो. शेवटचं वाचनही तसंच पुसलं... नंतर थोड्याच दिवसांत तो गेला.

मध्ये बरेच आठवडे गेले आणि वहिनींचा फोन आला. “भाऊजी, तुमच्याकडे ह्यांचा आवाज आहे का हो कुठे? माझ्याकडे फोटो पुष्कळ आहेत. आवाज नाही. मेसेजसुद्धा टाइप करूनच पाठवायचे.” मी ‘बघतो’ म्हणालो आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. मी पुसलेली फाइल सर्व्हर दोन महिने सांभाळतो आणि मग आपणच झाडून टाकतो, हे अरुणने मला सांगितलेलं होतं. दोन महिने तर उलटून गेले होते. पुस्तक उघडायचो, मिटायचो, खिडकीशी जायचो, परत येऊन तेच पान उघडायचो. मग एकदम ती पाटी आठवली. सर्व्हर तर त्याच दिवसापासून सापडत नव्हता! लगेच फोन लावला.

“वहिनी, देव्हाऱ्याखालचं मशीन चालू आहे?”

“छे हो. सुतक लागलं म्हणून ह्यांच्या आत्यांनी देवापुढचा विजेचा दिवा बंद केला, तेव्हा तो अख्खा बोर्डच बंद केला. नंतर मी आपली समई लावते. त्या बोर्डाकडे लक्षच गेलं नाही. चालू करू का?”

“नको! हात लावू नका. मी येतो.”

बंद पडल्यामुळेच त्याचा झाडू फिरला नव्हता. पण चालू केल्यावर राहून गेलेली झाडलोट तो आधी उरकणार नाही, याची खात्री कोण देणार? विचारायचं होतं ते अरुणलाच...

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कपाटापुढे मांडी घालून बसलो. झाकणावर उदबत्तीची राख साचली होती. सर्व्हर चालू न करताच स्क्रू काढले. एक हातातून निसटून घरंगळला, तो वहिनींनी शोधून दिला. डिस्क लॅपटॉपला जोडली. कितीतरी वेळ पडद्यावर काहीच येईना. मग फाइलींची नावं दिसू लागली, आणि त्यांत ती होती.

आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग अरुण माझं एक लांबलचक वाक्य वाचू लागला आणि मध्येच थांबला. “मास्तर, माणसाने इथे श्वास कुठे घ्यायचा?” वहिनी हसल्या, हसता हसता त्यांनी डोळे पुसले. वाचन पुढे चालू झालं. थोड्या वेळाने तो पुन्हा थांबला. “अगं, तो पंखा बंद कर जरा. आवाज येतोय.”

वहिनी उठल्या आणि त्यांनी पंखा बंद केला. वाचन संपेपर्यंत आम्ही दोघं घामाने भिजत तसेच बसून राहिलो.