आबांची क्रियापदं

आमच्या टाकवे गावच्या आबांना मराठीशिवाय दोन भाषा यायच्या, इंग्रजी आणि स्वाहिली, आणि दोन्हींत त्यांना फक्त क्रियापदं यायची. नाम नाही, सर्वनाम नाही, 'नमस्कार, कसे आहात' तर नाहीच नाही. उडी मार, ओढ, ढकल, धर, पळ. पडलं, घसरलं, मुरगळलं, मोडलं. माणूस अंगाने अचानक जे जे करू शकतो आणि माणसाच्या अंगाला अचानक जे जे होऊ शकतं, तेवढं सगळं आबांना तीन भाषांत पाठ होतं. बाकीच्या भाषेवाचून त्यांचं काही अडलं नाही.

आबा कारखान्यात फिटर होते आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर आम्हा मुलींना कबड्डी शिकवायचे. मोंबासातल्या कुणा कबड्डीवेड्या गुजराती शेठजींनी तिथल्या मुलींचा संघ उभा करायला त्यांना काही महिने बोलावून नेलं होतं. विमानतळावरच्या साहेबाने कशासाठी आलात म्हणून विचारलं, तर आबा म्हणाले, "कॅच. पुल. जंप." साहेबाला समजेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच बॅगेवर अशी काही पकड टाकली की साहेबाने हसत हसत शिक्का मारला. हे आबाच सांगायचे, तेव्हा थोडा मीठमसाला धरूनच चालावं.

परत आले ते स्वाहिली घेऊनच. चढाई रंगात आली की मैदानाबाहेरून "रुका!" म्हणून ओरडायचे. आम्ही बिचाऱ्या थांबायचो आणि बोलणी खायचो, कारण तिकडे रुका म्हणजे उडी मार. हळूहळू आम्हीही सरावलो. किंबिया म्हटलं की पळायचं, सुकुमा म्हटलं की ढकलायचं. इतर गावांचे संघ आमच्याकडे बघतच राहायचे.

पण आबांचा खरा नियम दुखापतीचा होता. कुणी पडली की ते शेजारी उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, "रडं मागनं. आदी काय झालं ते सांग." 'लागलं' म्हटलेलं चालायचं नाही. "लागलं म्हंजे? आपटलं, का खरचटलं, का लचकलं, का मुरगळलं?" खरचटलं असेल तर माती झाडून खेळायचं, ठेचकाळलं असेल तर बोट धुऊन यायचं. मुरगळलं म्हटलं की त्या दिवसाचा खेळ संपला. मग ती मुलगी कितीही चांगली खेळाडू असो आणि सामना कितीही अटीतटीचा असो.

आणि मुलगी सांगेल त्यावर ते विश्वास ठेवायचे, डोळे झाकून. एकदा आमच्यातल्या एकीने पळायचा कंटाळा म्हणून पाय मुरगळल्याचं सोंग केलं. सगळ्यांना कळलं, आबांनाही कळलं असणार. तरी त्यांनी तिला संध्याकाळभर बसवून ठेवलं आणि सायकलवरून घरी सोडलं. आम्ही चिडलो. आबा म्हणाले, "खोटं आसंल तर तिचं तिला. आन खरं आसलं तर?" एवढा विश्वास तेव्हा आमच्यावर घरातसुद्धा कुणी टाकत नव्हतं.

माझं खेळणं तर आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, एकाच अटीवर टांगलेलं होतं. "अंगाला काई झालं की खेळ बंद," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यामुळे मला काही झालेलंच चालणार नव्हतं.

आणि झालं ते नेमकं लोणावळ्याला, जिल्ह्याच्या निवड चाचणीत. शेवटची काही मिनिटं होती, आम्ही एका गुणाने पुढे होतो. मी चढाई करून परत फिरले, पलीकडच्या मुलीने घोटा धरला, मी झेप घेतली आणि गुडघा एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला गेले. रेषेला हात लागला, गुण मिळाला, लोक ओरडले. मला मात्र उठता येईना. कोपर सोलवटून रक्त आलं होतं. आबा येऊन उकिडवे बसले. समोर, दोरीच्या पलीकडे, अण्णा उभे होते.

"काय झालं?"

'खरचटलं' म्हणायला कोपर होतंच. कुणाला शंकाही आली नसती. पण समोर बसलेला माणूस मी जे म्हणेन ते खरं धरणार होता, आणि त्या माणसापुढे माझ्याच्याने ते म्हणवेना. मी म्हणाले, "गुडघा वळला, आबा. आत कट्‌कन वाजलं."

त्यांनी मला दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणलं. सामना आम्ही हरलो, निवडही हुकली. संघाबरोबर आलेल्या लोकांनी आबांना तोंडावर नावं ठेवली, ती त्यांनी ऐकून घेतली.

दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघा तपासला. शीर ताणली गेली होती, तुटली नव्हती. "अजून एक झटका बसला असता तर कायमची गेली असती. वेळेत थांबवलंत."  अण्णा आबांना म्हणाले, "पुन्यांदा खेळंल का वं ती?" परवानगी अशी मिळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. अण्णा औषधं आणायला गेले आणि मी व्हरांड्यात बाकावर पाय लांब करून बसले. आबा शेजारी बसले, आणि ज्याबद्दल कधीच बोलले नव्हते ते बोलले.

"मोंबासात झुहुरा म्हनून पोरगी व्हती. तुज्यावानीच पळायची. एकदा पडली आन गुडघा धरून म्हनाय लागली, लिमेतेगुका, लिमेतेगुका. मला कुटं ठावं? मी हुकूम करायचेच शब्द शिकलो व्हतो. मला वाटलं निमित्त करतीया. म्हनलं, सिमामा! किंबिया! ऊठ! पळ!" आबा थांबले. "आन ती पळाली गं. मी सांगितलं म्हनून पळाली."

झुहुरा पुन्हा कधी खेळली नाही. दुसऱ्या दिवशी आबा तिच्या दवाखान्यात गेले आणि नर्सपुढे फरशीवर घसरून दाखवलं, पडून दाखवलं, पाय मुरगळून दाखवला, आणि एकेकाला तिकडे काय म्हणतात ते विचारून घेतलं. सगळा वॉर्ड हसत होता. झुहुरा भिंतीकडे तोंड करून होती. लिमेतेगुका म्हणजे मुरगळला, हे आबांना तिथे कळलं. तिचा नंबर तिथल्या एका मुलीने पुढे पाठवला होता, तो फोनमध्ये वर्षानुवर्षं पडून होता. लावायची हिंमत झाली नव्हती.

मी म्हणाले, "लावा आबा."

त्यांनी लावला. पलीकडून बाईचा आवाज आला. आबांनी फक्त "कबड्डी. इंडिया," म्हटलं. परदेशी माणसाशी बोलताना मी त्यांच्या तोंडून उभ्या आयुष्यात ऐकलेली ही पहिली नामं.  मग ती बोलायला लागली. खूप बोलली. मध्येच एक मूल रडलं, मध्येच ती हसली, मध्येच आवाज चढला, बहुतेक आबांना झापलंही. मैदानावर आम्हाला अर्धं वाक्य पुरं करू न देणारा तो माणूस फोन कानाला घट्ट धरून बसला होता आणि हूं की चूं करत नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही पुसत नव्हता. आबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. पण मोठा माणूस म्हटलं की मला अजून तेच आबा दिसतात.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"कळलं न्हाई." त्यांनी फोन खिशात ठेवला. "एवढं लय बोलली, पर मला येत्यात त्यातला एकबी शब्द आला न्हाई. पडलं न्हाई, मोडलं न्हाई, दुखतंय न्हाई." आणि मग माझ्याकडे बघून, जणू मलाच विचारत असल्यासारखं म्हणाले, "म्हंजे बरी हाय न्हवं ती?"