मामाजींनी अडवलेली रोटी

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात अडवलेला शेवटचा गोल गव्हाच्या कणकेचा होता.

मामाजी तरुणपणी गोलकीपर होते. (त्यांच्या मते त्यांच्या हातून एकच गोष्ट निसटली, ती म्हणजे त्यांची लेक. ती मी पळवली!) सुनंदानं आणि मी परस्पर लग्न केलं, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. सिंदेवाहीतच दोन गल्ल्या सोडून राहायचे, लेकीला आणि आमच्या तान्ह्या बाळाला भेटायला यायचे, पण आमच्याकडे घासभर खायचे नाहीत. पाणीसुद्धा घरून बाटलीत आणायचे!

मग फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू असताना माकडांनी त्यांच्या छतावरची डिशची छत्री मोडली. (त्या माकडांचे उपकार मी विसरणार नाही.) संध्याकाळची मॅच बघायला आमच्याकडे येण्यावाचून मामाजींना इलाज उरला नाही.

"आज त्यायले जेवू घालतोच," मी सुनंदाला म्हणालो. "लांब रोटी करतो!"

लांब रोटी म्हणजे मामाजींचा जीव. सासूबाई गेल्यापासून ती त्यांच्या ताटात आली नव्हती. सैल कणीक हातांवर कोपरापर्यंत ताणायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर पसरायची. एवढंच तर असतं!

"तुमाले येते का पन?" सुनंदानं विचारलं.

"माही माय करे तवा रोज पाहत होतो न!"

"पाहाले तर तुमी क्रिकेट बी पाहता," असं म्हणून ती कोंबडीचा रस्सा करायला निघून गेली.

कणीक सैल झाली म्हणून मी पीठ घातलं. घट्ट झाली म्हणून पाणी घातलं. असं करता करता बारशाची पंगत उठेल एवढी कणीक झाली! चूल अंगणात आणि टीव्ही घरात, म्हणून टीव्हीही उचलून अंगणात स्टुलावर मांडला. मामाजी बाटली घेऊन आले, खुर्चीत बसले. मी परातीत कणीक आपटू लागलो. धप्प! धप्प!

"सुनंदे, त्याले सांग, कॉमेंट्री आयकू येऊन नाई राह्यली."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. तरी निरोप लेकीमार्फतच!

पहिली रोटी घसरून थेट चुलीत गेली. दुसरी मडक्याच्या गळ्यात मफलरसारखी अडकली. मामाजी स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायले. माझा धीर खचत चालला होता.

आणि तिसरी जमली! अशी पातळ, की पलीकडचा टीव्ही दिसावा. मी ती दोन्ही हातांवर तोलून धरली आणि नेमकी तेव्हाच मामाजींच्या टीमला पेनल्टी मिळाली. खेळाडू धावत आला. लाथ मारली...

"गोऽऽल!"

मी दोन्ही हात वर उडवले. हातांवर काय होतं, हे रोटी टीव्हीकडे निघाल्यावर आठवलं!

एरवी पायरी चढताना भिंत धरणारे मामाजी खुर्चीतून उजवीकडे झेपावले. टीव्हीच्या अगदी तोंडाशी त्यांनी रोटी दोन्ही हातांत झेलली आणि तिच्यासकट ते अंगणातल्या भाताच्या तणशीच्या ढिगात जाऊन पडले.

"बाबा! लागलं का?" सुनंदा किंचाळत धावली.

मामाजींनी उठून आधी रोटी पाहिली. कुठंच फाटली नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"जवाईबापू!"

मी मागं वळून बघितलं, कोणाला हाक मारताहेत म्हणून.

"असे हुभे काऊन? लाकडं सारा आंदर. मडकं थंडं होऊन राह्यलं."

रोटीला चिकटलेलं तणस झटकून त्यांनी ती स्वतःच मडक्यावर पसरली, शेकली, घडी घातली आणि रश्श्यात बुडवून पहिला घास घेतला. आमच्या घरातला पहिला घास! कितीतरी वेळ ते चावतच राहिले.

"सुनंदे, तुही माय बी असीच पातळ करे."

सुनंदा रडायलाच लागली. मलाही भरून आलं. त्या भरात मी विचारलं, "मामाजी, अजून एक टाकू?"

"टाका," ते म्हणाले. "पन मडक्यावर."

त्यांची छत्री केव्हाच दुरुस्त झाली, तरी आता ते प्रत्येक मॅचला आमच्याकडेच येतात. बाटली आणत नाहीत. रोट्या मात्र स्वतः करतात आणि मी शेजारी बसतो, दोन्ही हात मांडीखाली दाबून. पेनल्टी मिळाली, की सुनंदा येऊन माझ्या मांडीवर बाळाला बसवते. तेवढंच वजन!