भिंतीवरचा तेलाचा डाग

आज रंगाऱ्यानं भिंतीतले खड्डे भरायला लांबी कालवली आणि त्या वासानं नळदुर्गच्या याच खोलीतली जुनी दुपार आठवली.

अण्णांना जाऊन वर्ष झालं होतं. रशीदचाचा रंगासाठी भिंत घासत होते. अण्णा जिथं टेकून बसायचे, तिथं त्यांच्या डोक्याच्या तेलाचा काळपट डाग होता.

"भाभी, हा सोड्यानं धुवावा लागंल. न्हाय तर नव्या रंगातूनबी वर येतो."

"येऊ द्या," आई म्हणाली.

डाग खरंच वर आला. गुलाबी भिंतीचं वाटोळं झालं म्हणून मी लई चरफडलो.

आता आईही नाही. अण्णांच्या डागाशेजारी, थोडा खाली, दुसरा डाग आहे. संध्याकाळी ती तिथंच टेकायची.

"साहेब, दोन्ही धुऊ का? न्हाय तर वर येतील."

"येऊ द्या," मी म्हणालो.