ऑइल पेंटचा पोळा

आमच्या घरचा दुसरा बैल पोटफुगीनं मेला तेव्हा मी सातवीत होते. चार एकर वावर आणि दावणीला एक बैल. ज्याच्या घरी बैलच नाही त्याला लोक गरीब म्हणतात. ज्याच्या घरी एक आहे त्याला कोणी काही म्हणत नाही, पण एका बैलानं काही होतही नाही. त्या वर्षी कपाशीत गवत माजलं आणि डवऱ्याला, तण काढायच्या औताला, माय जुंपली. जुंपली हा शब्द मी समजून लिहिते. पाहुण्यांना आमच्याकडे सांगायचे की ती मदत करते. खांद्यावर गोणपाटाची घडी, तिच्यावरून दोर, मागं बाबा डवरा दाबून धरणार आणि पुढं माय कमरेत वाकून ओढणार, याला मदत म्हणत नाहीत. मी तिच्या बाजूला दुसरा दोर धरायची. हाताला फोड कशाचे, असं शाळेत विचारलं की खोटं सांगायची.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या वावरातले काका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन उभे राहिले. नात्यातले नाहीत, धुऱ्याला धुरा लागून आहे म्हणून काका. त्यांच्याही जोडीतला एक बैल म्हातारपणानं बसला होता. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि बाबाला म्हणाले, "लाज नाई वाटत का रे तुले? सोड तिले. तुहा एक, माहा एक. झाली ना जोडी."

तिथून आमची सावड सुरू झाली. एक दिवस त्यांचं वावर, एक दिवस आमचं. आमचा बैल जुवाच्या डाव्या बाजूला, त्यांचा उजव्या. एकदा बाजूची सवय लागली की बैल मरेपर्यंत बाजू बदलत नाही. दहा वर्षं हे चाललं. त्या सावडीवर मी बी.ए. झाले, राज्यशास्त्र घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

दोन्ही घरं एकाच पक्षाची. पक्षाचं नाव लिहीत नाही आणि रंगही सांगत नाही. सांगितला की वाचणाऱ्यांतच दोन गट पडतील. आजोबांच्या काळापासून घरात कुळाचा देव जसा ठरलेला, तसा पक्ष ठरलेला. निवडणूक आली की बाबा आणि काका एकाच गाडीवर सभेला जायचे. आमच्या रस्त्याकडच्या भिंतीवर चिन्ह रंगवून घ्यायचे आणि डब्यात उरलेला रंग बाबा कोठ्यात, बैलाच्या गोठ्यात, जपून ठेवायचे. कोठ्याचं दार त्याच रंगाचं, मायच्या पेटीचं झाकणही.

मग पक्ष फुटला. दर निवडणुकीत आमच्या पारावर येऊन "मरीन पण हा झेंडा सोडनार नाई" म्हणणारा आमचा नेता एका सकाळी टीव्हीवर दुसऱ्या झेंड्याखाली दिसला. मी परीक्षेत पक्षांतरबंदी कायद्यावर चांगलं तीन पानांचं उत्तर लिहून आले होते. तो कायदा आमच्या अंगणात काही कामाचा निघाला नाही.

काका नेत्याबरोबर गेले. म्हणाले, "मी माणसाले मत देतो, कापडाले नाई."

बाबा जागचे हलले नाहीत. "झेंडा माह्या बापानं धरला होता. नेता काय, पाहुना हाय. येते, जाते."

तरी सावड चालू होती. फरक एवढाच की औत सुटल्यावर दोघं बाभळीखाली बसायचे तेव्हा आधी कपाशीचं बोलायचे, आता एकमेकांपुढं मोबाइल धरायचे.

"हे पाय. तुह्या पक्षाचे धंदे."

"हे खोटं हाय."

"तू दाखवतं ते खरं, मी दाखवतो ते खोटं?"

"हो."

माय शिदोरी सोडून बसलेली असायची. भाकर वाळून जायची.

मग पोळा आला. आमची रीत अशी की पोळ्याला दोन्ही बैल आमच्या अंगणात सजायचे. शिंगं रंगवायची बाबानं, झूल घालायची काकानं. शिंगांचा रंग बोरी गावच्या बाजारातून मी आणायचा होता. मी तिथं एका झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरायचं काम करते. त्या दिवशी गर्दी होती, मी विसरले. ही चूक माझी, ती मी बाबावर ढकलत नाही. बाबानं मात्र कोठ्यातला भिंतीच्या रंगाचा डबा उघडला. ऑइल पेंट. पक्षाचा रंग. आमच्या बैलाची शिंगं रंगवली आणि मग, दहा वर्षं करत आले तशीच, काकाच्या बैलाचीही रंगवली.

मी बाबाला नंतर कितीदा तरी विचारलं, मुद्दाम केलं का? ते म्हणतात, "नाई वं. एक रंगवाचा न एक सोडाचा, असं माह्या हाताले येतच नाई." मला हे पटतं. काकाला पटलं नाही.

काका झूल घेऊन अंगणात आले आणि थांबले. "हे काय केलं?"

"रंग आनाचा राह्यला होता."

"रंग राह्यला का अक्कल राह्यली? माह्या बैलाले तुह्या पक्षात घेतलं का रे? मले इचारलं होतं?"

बघ्यांतून एक जण म्हणाला, "घेतलाच हाये त तिकीटबी देऊन टाका त्याले." सगळे हसले. ते हसले नसते तर कदाचित निभावलं असतं. काकानं बैल सोडला आणि ओढत घेऊन गेले. त्या पोळ्याला तोरणाखाली आमचा बैल एका टोकाला उभा होता आणि त्यांचा दुसऱ्या. काकानं पुढं आठ दिवस रॉकेलनं घासलं, काचेनं खरवडलं. ऑइल पेंट तो. निघाला नाही, नुसता चट्ट्याचट्ट्याचा झाला. गावात कोणी ना कोणी काकाला विचारायचं, "बैल कधी पक्षप्रवेश करून राह्यला आमच्याकडे?" आणि काका आमच्यापासून आणखी लांब जायचे.

सोयाबीन निघालं. आता जमीन वखरून हरभरा पेरायचा होता. हरभऱ्याला जमिनीत ओल लागते आणि ओल कोणासाठी थांबत नाही. आमची दोन्ही वावरं नाल्यापलीकडं आहेत, तिथं ट्रॅक्टर उतरत नाही. बाबानं गावातल्या दुसऱ्या एकाचा बैल मागून आणला. तोही डाव्या बाजूचा निघाला. दोघं डावे एका जुवात घातले, तर जू मोडलं आणि आमच्या बैलाच्या मानेची सालं निघाली. काकाकडेही तेच चाललं होतं. धुऱ्याच्या अलीकडं एक उजवा, पलीकडं एक डावा, आणि दोन वावरं कोरडी होत चाललेली.

आणि तेवढ्यात युती झाली. स्थानिक निवडणुकीसाठी आमचा जुना पक्ष आणि नेत्याचा नवा पक्ष, दोघांनी हात मिळवले. मोबाइलवर फोटो आला: एकच मोठा हार, त्यात दोन माना. मला वाटलं, झालं, सुटलो. मी दुकानात त्या फोटोच्या दोन रंगीत प्रती काढल्या, एक बाबाच्या हातात दिली.

बाबा म्हणाले, "हे वरचं राजकारन हाय. तुले नाई समजाचं."

"बाबा, मी राज्यशास्त्रात बी.ए. आहे."

"म्हनूनच नाई समजत."

दुसरी प्रत काकाला दिली. त्यांनी ती जवळ धरली, लांब धरली. म्हणाले, "फोटो जुना अशीन."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. राग नेत्याचा कमी होता. त्याचा काय राग करायचा, तो त्याच्या जागी नीट आहे. राग या दोघांचा होता. ज्यांनी सोडलं ते परत एका हारात गेले, आणि ज्यांनी इमान राखलं ते इकडं धुऱ्यावर एकमेकांकडे पाठ करून उभे. इमान राखायचं म्हणजे शेजाऱ्याशी बोलणं बंद करायचं, हे यांना कोणी शिकवलं? शिकवणारे तर तिकडं हसत होते.

संध्याकाळी मायनं वावरातून मातीचं ढेकूळ आणून मुठीत दाबलं. ते भुगा होऊन सांडलं. "चार दिवस," ती म्हणाली. "मंग काहीच नाई."

सकाळी मी बैल सोडला आणि नाल्यावर काकूला गाठलं. "काकू, तुमचा बैल आणा. तुमच्याच वावरापासून सुरू करू."

"काहून? औत कोन धरीन?"

"मी."

"बाप्पा! तुहे काका कापतीन मले."

"काही कापत नाहीत. हरभरा खायचा ना तुम्हाला?"

आमच्याकडे बाई पेरणीत बी सोडते, निंदते, वेचते, सोंगते. औत मात्र हाकत नाही. हाकलं तर गावावर पाप येतं म्हणतात. काकू घाबरत गेली, पण बैल घेऊन आली. जू मांडलं तर दोन्ही बैल कोणी न सांगता आपापल्या बाजूला जाऊन उभे राहिले. चारही शिंगं एका रंगाची, दोन चट्ट्यांची. मी वखराचं रुमणं, त्याची मूठ, धरली आणि हाकलं. वखर वर उचलला जायचा, वाकडा जायचा, पण माती फिरत होती.

दुसरं तास, वखराची दुसरी ओळ, अर्ध्यात आलं तेव्हा दोन्ही बाजूंनी बाबा आणि काका पळत आले.

"थांबव वं!" दोघंही एकदमच ओरडले.

काका बाबाला म्हणाले, "तुह्या पोट्टीले समजाव ना."

बाबा म्हणाले, "अन् थे तुही बायको नाई का?"

दोन महिन्यांत ते एकमेकांशी पहिल्यांदा बोलत होते. बाबा माझ्याकडे वळले, "बाईनं औत नाई हाकाव. पाप लागते."

माय धुऱ्यावर उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, "मले जुंपलं होतं तवा कोन्या देवाले राग नाई आला. मी ओढलेलं चालते, न पोट्टीनं हाकलेलं नाई चालत?"

बाबानं मान खाली घातली. काकांनी मायकडे पाहिलं, मग माझ्या वाकड्या तासाकडे. "सारं वाकडं नेलं पोट्टीनं," म्हणाले आणि माझ्या हातातून रुमणं घेतलं. बाबा खाली बसून वखरात अडकलेली धसकटं काढू लागले. मग कासरा धरून पुढं झाले.

चार दिवस दोघं बैलांशी बोलले, एकमेकांशी कामापुरतं. माफी कोणी मागितली नाही. मतदानाला दोघं वेगवेगळ्या गाडीवर गेले आणि आले. बाभळीखाली आता मोबाइल निघत नाहीत, कारण मायनं सांगितलंय की ज्याचा निघेल त्याला भाकर नाही. बाबाचा झेंडा तोच आहे, काकाचा तोच आहे. शिंगांचा रंगही अजून गेला नाही. मला याचा संताप येतो आणि तो येत राहील.

पण दोन्ही वावरांत हरभरा ओलीवर पेरून झाला, आणि उगवला.